पीएलसीच्या चित्रभाषा आणि त्यांचे एडिटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतीच एमआयडीसीत लागलेली मुलं, पॅनेल वायरिंग करता करता प्रोग्रॅमिंगकडे वळलेले वायरमन आणि संगणकाची पदवी घेऊन चुकून कारखान्यात आलेले इंजिनियर मला जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या अनुभवाची आहेत, त्यामुळे मतंही माझीच.

पीएलसीला चित्र काढून का शिकवायचं? साधं कोड का लिहीत नाहीत?

कारण पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) ज्यांच्यासाठी जन्मला त्यांना कोड येत नव्हतं, सर्किट वाचता येत होतं. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला गिअरबॉक्सच्या लाइनवरच्या रिलेंच्या (विजेने चालणाऱ्या स्विचांच्या) भिंती नकोशा झाल्या होत्या. मॉडेल बदललं की शेकडो रिलेंचं वायरिंग उपसायचं आणि पुन्हा करायचं. डिक मोर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सने यावर जे यंत्र बनवलं त्याचं नाव मॉडिकॉन ०८४. तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून ०८४.

यंत्र नवीन असलं तरी रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन जुनाच होता. त्याला रिलेचं ड्रॉइंग पाठ होतं: डावीकडे एक उभी रेघ, उजवीकडे एक, मध्ये कॉन्टॅक्ट (वाट जोडणारे-तोडणारे स्विच) आणि शेवटी कॉइल (वीज पोचली की रिले उचलणारी). तेच ड्रॉइंग पडद्यावर आणलं आणि लॅडर तयार झाली. लॅडरला नावं ठेवणाऱ्या संगणकवाल्यांनी हे लक्षात ठेवावं, की ही भाषा लिहिणाऱ्याच्या सोयीची नाही, रात्री दोन वाजता पॅनेल उघडणाऱ्याच्या सोयीची आहे.

एकूण भाषा किती? आयईसी ६११३१-३ हे काय प्रकरण आहे?

हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पहिली आवृत्ती १९९३ ची. त्यात लॅडर आणि फंक्शन ब्लॉक डायग्रॅम (एफबीडी) या दोन चित्रांच्या भाषा, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (एसटी) आणि इन्स्ट्रक्शन लिस्ट (आयएल) या दोन अक्षरांच्या, आणि क्रमाने चालणारं काम मांडायला सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट (एसएफसी). इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत कालबाह्य ठरली आणि २०२५ च्या चौथ्या आवृत्तीतून गेलीच. जुन्या मशीनमध्ये मात्र ती अजून बरीच वर्षं भेटत राहील.

एक गोंधळ आधीच टाळा. सीमेन्सवाला 'एसटीएल' म्हणाला तर तो त्यांच्या इन्स्ट्रक्शन लिस्टबद्दल बोलतोय. मित्सुबिशीच्या एफएक्स पीएलसीवर काम केलेला 'एसटीएल' म्हणाला तर तो स्टेप लॅडरबद्दल बोलतोय. एकाच टेबलावर बसून दोघं अर्धा तास वाद घालताना मी पाहिले आहेत.

लॅडर वाचायची कशी?

मोटर चालू-बंद करायची सर्वात साधी ओळ घ्या:

|--+--[ चालू ]--+--[ बंद ]--[ ओव्हरलोड ]----( मोटर )--|
|--+--[ मोटर ]--+

प्रत्येक आडव्या ओळीला कारखान्यात 'रंग' म्हणतात. होळीशी संबंध नाही, शिडीच्या पायरीचं ते इंग्रजी नाव. पुढे मी पायरीच म्हणतो. डाव्या रेघेतून 'वीज' निघते असं धरा. चालू बटण दाबलं, की ती बंद आणि ओव्हरलोडमधून पुढे जाऊन कॉइलपर्यंत पोचते आणि मोटर सुरू होते. बोट उचललं तरी खालच्या फांदीतला मोटरचा स्वतःचा कॉन्टॅक्ट वाट धरून ठेवतो. डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टरच्या १३-१४ या टर्मिनलांवर आपण जे होल्डिंग घेतो, तेच हे.

बंद बटण एनसी आहे, मग लॅडरमध्ये त्याचा एनओ कॉन्टॅक्ट का टाकायचा?

एनओ म्हणजे हात न लावता तुटलेला असणारा कॉन्टॅक्ट, एनसी म्हणजे हात न लावता जोडलेला असणारा; वरच्या ओळीतले सगळे एनओ आहेत. हा प्रश्न ज्याला पडला नाही, त्याने लॅडर पाठ केली आहे, समजून घेतलेली नाही.

बाहेर पॅनेलवर काय चाललंय ते आधी पाहा. बंद बटण एनसी आहे, म्हणजे कोणी हात लावलेला नसताना त्यातून २४ व्होल्ट पीएलसीच्या इनपुटवर येत असतात. इनपुटचा एलईडी पेटलेला असतो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ते बिट १ आहे. लॅडरमधला एनओ कॉन्टॅक्ट फक्त एवढंच विचारतो, 'हे बिट १ आहे का?' आहे, म्हणून वाट मोकळी. बटण दाबलं की बिट ०, वाट तुटली, मोटर बंद. बटणावर काय छापलंय याच्याशी लॅडरला देणंघेणं नाही. तिला फक्त बिट दिसतं.

आता उलट विचार करा. एखाद्याने बाहेर एनओ बटण लावलं आणि प्रोग्रॅममध्ये एनसी कॉन्टॅक्ट टाकला. मशीन अगदी तसंच चालेल, टेस्टिंगला कोणालाच फरक कळणार नाही. कळेल तो सहा महिन्यांनी, व्हायब्रेशनने टर्मिनलचा स्क्रू ढिला होऊन वायर सुटली की. पहिल्या पद्धतीत वायर सुटली तर बिट ० होऊन मोटर थांबते आणि तुम्ही वैतागून फॉल्ट शोधता. दुसऱ्या पद्धतीत मोटर चालूच राहते आणि बंद बटण कितीही दाबलं तरी काही होत नाही. ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ हा एनसी कॉन्टॅक्ट इनपुटला घेतो तो याच कारणाने.

आणि इमर्जन्सी स्टॉप फक्त साध्या पीएलसीच्या लॅडरवर सोडू नका. तो सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीतून वीज तोडणारा असला पाहिजे. लॅडरला त्याची नुसती खबर द्यायची.

म्हणजे लॅडर हे सर्किटच झालं ना?

नाही, आणि नवशिक्यांचे निम्मे फॉल्ट या गैरसमजातून येतात. रिलेच्या सर्किटमध्ये सगळ्या ओळी एकाच वेळी जिवंत असतात. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचून घेतो, मग पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत एकेक सोडवत जातो, शेवटी आउटपुट एकदम बाहेर टाकतो आणि पुन्हा सुरुवात करतो. याला स्कॅन म्हणतात. साध्या मशीनला काही मिलिसेकंद लागतात.

याचा माझ्यावरच ओढवलेला नमुना सांगतो. नोकरीचं पहिलं वर्ष. एका पॅकिंग मशीनचा कन्व्हेयर ऑटोमध्ये झकास चालायचा, मॅन्युअलमध्ये ढिम्म. मी बाराव्या पायरीवर मॅन्युअलचं बटण आणि समोर कन्व्हेयरची कॉइल टाकली होती. पुढे कुठेतरी ऐंशीच्या घरात ऑटोची पायरी होती, तिथेही तीच कॉइल. मॅन्युअलचं बटण दाबलं की बाराव्या पायरीवर आउटपुट १ व्हायचा. ऐंशीव्या पायरीपर्यंत पोचलं की ऑटो बंद असल्याने तो परत ०. बाहेर टाकायची वेळ स्कॅनच्या शेवटी, तेव्हा हातात ० उरलेला. मी दुपारभर बटण बदललं, रिले बदलला, मोटरच्या टर्मिनल बॉक्सपर्यंत मीटर लावून आलो. आमच्या पॅनेलचे वायरमन काका, ज्यांनी आयुष्यात एक पायरी लिहिली नव्हती, मागे उभे राहून म्हणाले, "अरे, एका घराला दोन मालक कशाला ठेवलेस?"

तेव्हापासूनचा नियम: एक आउटपुट, एक कॉइल. मॅन्युअलची मागणी एका अंतर्गत बिटात, ऑटोची दुसऱ्यात, आणि शेवटी एकाच पायरीवर दोन्ही समांतर घेऊन आउटपुट. बरेच एडिटर डबल कॉइलची वॉर्निंग देतात. ती वाचायची असते.

स्कॅनचा दुसरा प्रताप म्हणजे सुटून जाणारी पल्स. सेन्सरसमोरून वस्तू ४ मिलिसेकंदांत गेली आणि स्कॅन १० चा असेल, तर पीएलसीला ती कधी दिसेल, कधी नाही. शिवाय इनपुटला स्वतःचा फिल्टर असतो; मित्सुबिशीच्या जुन्या एफएक्समध्ये तो मुळात १० मिलिसेकंदांचा आहे. वेगवान मोजणीसाठी हायस्पीड काउंटरचे वेगळे इनपुट असतात, ते वापरा.

जुन्या मॉडिकॉनवर काम करायची वेळ आली तर आणखी एक: तिथे एका नेटवर्कमध्ये (पायऱ्यांच्या एका गटात) पायऱ्या आडव्या सोडवल्या जात नाहीत, स्तंभांनी, वरून खाली सोडवल्या जातात. ड्रॉइंग तेच, पण निकाल वेगळा येऊ शकतो.

एफबीडी कधी वापरायची?

आकडे वाहत असतील तेव्हा. तापमान, दाब, लेव्हल, पीआयडी (मोजमाप ठरलेल्या आकड्यावर टिकवणारं नियंत्रण). बॉयलर आणि केमिकल प्लांटची मंडळी एफबीडीत विचार करतात, कारण त्यांचं पाइपिंगचं ड्रॉइंगही असंच डावीकडून उजवीकडे वाहतं.

उदाहरण घ्या. ० ते १० बारचा, ४ ते २० मिलिअँपचा प्रेशर ट्रान्समीटर सीमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीला लावलाय. ४ ते २० साठी सेट केलेल्या चॅनलवर पीएलसीला ० ते २७६४८ हा आकडा मिळतो. एक डबा (फंक्शन ब्लॉक) त्याचं ० ते १ मध्ये रूपांतर करतो, दुसरा त्याचे ० ते १० बार करतो. ऑनलाइन, म्हणजे एडिटर चालत्या पीएलसीला जोडून, पाहिलं की पहिल्या डब्यात शिरताना १३८२४, बाहेर पडताना ०.५, आणि दुसऱ्यातून ५.० बार. मल्टिमीटरवर १२ मिलिअँप दिसले की ट्रान्समीटर आणि प्रोग्रॅम दोघंही खरं बोलताहेत. डब्यांच्या मधल्या रेघेवर आकडा दिसणं, यासाठी एफबीडी घ्यायची.

इंटरलॉकसाठी (ठरलेल्या अटी पूर्ण नसतील तर काम अडवण्यासाठी) मात्र मला ती आवडत नाही. पंधरा अटींचा ॲंड-ऑरचा डोंगर एफबीडीत काढला की डबे पडद्याबाहेर जातात, आणि कुठली अट अडली ते पाहायला पान सरकवत बसावं लागतं. लॅडरमध्ये तीच अट ओळीवर तुटलेली दिसते.

एसएफसी म्हणजे फ्लोचार्टच ना?

दिसतो तसा, पण वागतो वेगळा. मूळ फ्रान्सचं. १९७७ च्या सुमारास तिथे ग्राफसेट नावाची पद्धत तयार झाली, तिच्यामागे पेट्री नेट्सची (टप्पे आणि त्यांमधले बदल दाखवणाऱ्या गणिती आकृत्यांची) कल्पना होती, आणि पुढे तिच्यावरून एसएफसी आली. चौकोन म्हणजे टप्पा, चौकोनांमधली छोटी आडवी रेघ म्हणजे पुढे जायची अट. दुहेरी चौकटीचा चौकोन सुरुवातीचा. एका आडव्या रेघेखाली फांद्या फुटल्या तर त्यांपैकी एकच चालते. रेघ दुहेरी असेल तर सगळ्या एकदम चालतात, आणि खालच्या दुहेरी रेघेशी सगळ्या पोचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दूध डेअरीतली सीआयपी (टाक्या-पाइप न उघडता आतून धुणं) हे एसएफसीचं माहेर म्हणा ना. पाण्याने धुणं, कॉस्टिक, पुन्हा पाणी, ॲसिड, पुन्हा पाणी. प्रत्येक टप्प्याला ठरलेले व्हॉल्व्ह, पंप आणि पुढे जायची अट: परतीच्या लाइनचं तापमान, कंडक्टिव्हिटी किंवा वेळ. हेच लॅडरमध्ये लिहिलं तर चाळीस-पन्नास सेट-रिसेट बिटांचं जंगल होतं. एसएफसीत रात्रपाळीचा माणूस पडदा उघडतो, कॉस्टिकचा चौकोन पेटलेला दिसतो, त्याखालची अट तापमानाची, आणि तापमान तीन अंशांनी कमी. तो प्रोग्रॅमला शिव्या न घालता स्टीमच्या व्हॉल्व्हकडे जातो.

फसतात ते क्वालिफायरमध्ये, म्हणजे काम कधीपर्यंत चालेल ते सांगणाऱ्या अक्षरात. टप्प्याला जोडलेल्या कामापुढे 'एन' असेल तर टप्पा संपला की काम थांबतं. 'एस' असेल तर पुढे कुठेतरी 'आर' येईपर्यंत चालूच राहतं. ॲजिटेटर (टाकीतली ढवळणी) 'एस' ने सुरू केला आणि मध्येच कोणी सायकल रद्द करून पहिल्या टप्प्यावर आणली, तर 'आर' कधी येतच नाही. 'कुठूनही बाहेर पडा' हे एसएफसीला नीट जमत नाही. रद्द करण्याचं आणि फॉल्टचं तर्कशास्त्र मी बाहेर लॅडरमध्येच ठेवतो.

एका कंपनीचा एडिटर येतो, दुसऱ्याचा किती दिवसांत येईल?

भाषा तीच असते, पण सवयी बदलाव्या लागतात. पाच सेकंदांचा टायमर घ्या. जुन्या एफएक्सवर टी० ला के५० लिहायचं, कारण तो १०० मिलिसेकंदांची पावलं मोजतो. सीमेन्समध्ये टी#५एस. रॉकवेलच्या लॉजिक्समध्ये प्रीसेट ५०००, मिलिसेकंदांत. के५० च्या सवयीचा माणूस तिथे ५० लिहितो, आणि टायमर डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो.

पत्त्यांचंही तसंच. एफएक्स आणि डेल्टाच्या डीव्हीपीत इनपुट-आउटपुट अष्टमान पद्धतीने मोजतात: एक्स७ नंतर एक्स१०. एक्स८ शोधत बसू नका, तो नाहीच. सीमेन्समध्ये ०.७ नंतर १.०.

कीबोर्डची सवय लावून घ्या. मित्सुबिशीत एफ५ ला एनओ, एफ६ ला एनसी, एफ७ ला कॉइल आणि एफ४ ला कन्व्हर्ट. माउसने ओढत बसणाऱ्यापेक्षा तिप्पट वेगाने पायऱ्या पडतात. स्नायडरचा मशीन एक्स्पर्ट आणि आणखी कित्येक कंपन्यांचे एडिटर आतून कोडेसिसच (अनेक कंपन्या वापरतात ते पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर) आहेत, म्हणून एक कोडेसिस नीट शिकलं की पाच दारं उघडतात.

ऑनलाइन सगळं हिरवं दिसतंय, तरी आउटपुट येत नाही. का?

हिरव्याचा अर्थ एडिटरगणिक वेगळा आहे. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये रेघ हिरवी म्हणजे वाट तिथपर्यंत पोचली. रॉकवेलमध्ये कॉन्टॅक्ट हिरवा म्हणजे त्याची स्वतःची अट खरी, मागून वाट येवो न येवो. पायरीवरचे पाचपैकी चार कॉन्टॅक्ट हिरवे आणि मधला एक नाही, हे चटकन नजरेतून सुटतं. डावीकडून बोट ठेवत जा.

फोर्स करून मशीन चालवलं तर चालेल का?

चालेल, म्हणूनच भीती. फोर्स करणं म्हणजे खरा इनपुट काहीही असो, एडिटरमधून त्यावर १ किंवा ० लादणं. फोर्स केलेला सेन्सर म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधलेला वॉचमन. करायचाच झाला तर मशीनजवळ कोणी नाही हे डोळ्यांनी पाहा, कागदावर लिहा आणि जाण्याआधी काढा. पुढच्या पाळीला तोंडी सांगून निघून जाऊ नका.

पीएलसीतून प्रोग्रॅम अपलोड केला, पण नावं आणि कॉमेंट गायब. चुकलं कुठे?

बहुतेक तुमचं नाही. जुन्या बऱ्याच पीएलसींत फक्त चालणारा प्रोग्रॅम राहतो. नावं आणि कॉमेंट प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर. सीमेन्स एस७-३०० मधून उपसलेल्या प्रोग्रॅमात 'भट्टीचं दार बंद' याऐवजी नुसतं एम १०.३ हाती येतं. एफएक्समध्ये कॉमेंट आत टाकता येतात, पण त्या मेमरी खातात, म्हणून बरेच जण टाकत नाहीत. कंट्रोललॉजिक्समध्ये टॅगची नावं कंट्रोलरमध्येच असतात, एस७-१२०० आणि १५०० मध्येही ही अडचण नाही.

मला एकदा असाच अनाथ प्रोग्रॅम मिळाला होता. मशीन बनवणारा धंदा गुंडाळून गेलेला, मालकाकडे ना सीडी, ना ड्रॉइंग. दोन दिवस एक माणूस मशीनवर एकेक सेन्सर झाकत होता आणि मी पेटणाऱ्या बिटापुढे पेन्सिलने नाव लिहीत होतो. मशीन विकत घेताना मूळ फाइल आणि पासवर्ड लेखी मागून घ्या. शेवटचा हप्ता त्यानंतर.

एका कंपनीचा प्रोग्रॅम दुसरीच्या एडिटरमध्ये उघडेल का?

थेट नाही. पीएलसीओपन या संघटनेने त्यासाठी एक्सएमएल स्वरूप ठरवलं, ते २०१९ मध्ये आयईसी ६११३१-१० झालं. कोडेसिस, बेरेमिझ असे काही एडिटर ते ओळखतात. पण हार्डवेअरचे पत्ते आणि कंपनीचे खास ब्लॉक त्यातून येत नाहीत. शंभर पायऱ्यांचा प्रोग्रॅम मी पुन्हा लिहूनच काढतो.

घरी, फुकटात शिकायचं तर?

कोडेसिस उतरवून घ्या. एडिटर फुकट आहे, आणि विंडोजवर चालणारा त्याचा सॉफ्ट पीएलसी डेमोमध्ये दोन तास चालतो, मग पुन्हा सुरू करायचा. लॅडर, एफबीडी, एसएफसी, एसटी सगळं आहे. रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनो घरात असेल तर ओपनपीएलसी. डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्टही फुकट, आणि आपल्याकडच्या छोट्या मशीनवर डेल्टा भरपूर भेटतो. पहिल्या महिन्यात पडद्यावरच राहू नका. दोन पुशबटणं, एक २४ व्होल्टचा सप्लाय, एक रिले आणि एक दिवा घेऊन बसा.

आता सगळे एसटी लिहितात म्हणे. चित्रभाषा शिकून उपयोग?

लूप, ॲरे, रेसिपी, स्ट्रिंग यांसाठी एसटी घ्या. बारकोडची अक्षरं लॅडरमध्ये कापणाऱ्याची मला कीव येते. पण मशीन थांबलं की उघडली जाते ती लॅडर. दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये सुखाने नांदतात.

कॉमेंट मराठीत लिहिल्या तर चालतात का?

मेंटेनन्सची माणसं मराठी असतील तर जरूर. जुन्या एडिटरमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आधी एकच ओळ लिहून, सेव्ह करून, पुन्हा उघडून पाहा. भाषेपेक्षा मजकूर महत्त्वाचा. 'सेन्सर ऑन' ही कॉमेंट नाही. 'बाटली तोंडाशी आली; पुशर मागे असल्याशिवाय सोडू नये' ही कॉमेंट.

मुलाखतीत काय विचारतात?

मी तरी स्टार-डेल्टा (मोटर आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत चालवणारा स्टार्टर) काढायला सांगतो. जवळपास सगळे स्टारच्या कॉइलआधी डेल्टाचा एनसी टाकतात आणि उलटही टाकतात. मग विचारतो, एवढं पुरेल का? इथे बहुतेक जण मान डोलावतात. पण लॅडरने स्टार सोडला आणि पुढच्याच स्कॅनला, म्हणजे पाचेक मिलिसेकंदांत, डेल्टा उचलला, तरी स्टारच्या कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट तोवर खरोखर उघडलेले असतीलच असं नाही. आणि ते वेल्ड होऊन चिकटले असतील तर प्रोग्रॅमला पत्ताच नसतो. त्याच्या लेखी बिट ० आहे. डेल्टा आत गेला की तिन्ही फेज शॉर्ट. म्हणून मध्ये छोटा टायमर, आणि पॅनेलमध्येही स्टारच्या कॉइलच्या वाटेत डेल्टाचा २१-२२ हा एनसी कॉन्टॅक्ट आणि डेल्टाच्या वाटेत स्टारचा. उमेदवाराने कागद उलटा करून, न विचारता, त्या दोन वायरी काढून दाखवल्या की मी चहा मागवतो.